बेनाडीकर कुलूप बदलतात

दयानंद बेनाडीकरांना मी कधी ताजंतवानं पाहिलेलं नाही. सकाळी आंघोळ करून भस्म लावून बाहेर पडतानाही ते दमलेले असतात. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढून घेताना दमलेले असतात. "काय, कसं काय?" म्हणून विचारलं तर इतर लोक "चाललंय" म्हणतात, बेनाडीकर "ढकलायलोय" म्हणतात, आणि खरोखरच एखादी बंद पडलेली मेटॅडोर ढकलत आणल्यासारखे आपल्यासमोर उभे राहतात. गाव निपाणीजवळचं बेनाडी. मराठी घरात, कन्नड दारात. बेंगळुरूच्या पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे जिथं पत्रा कापायचे साचे बनतात तिथं, पोरवयात शिरले ते आता निवृत्तीला टेकले तरी तिथंच आहेत.

आमची ओळख भाडेकरू म्हणून झाली. एकाच घरमालकाच्या इमारतीत ते खाली आणि मी वर. बेंगळुरूत भाडेकरू होणं म्हणजे काय, हे ज्यानं भोगलंय त्याला सांगावं लागत नाही. घरमालकाकडं आपल्या दाराची दुसरी किल्ली असते आणि ती तो देवघरात ठेवतो. आपण कामावर गेलो की ती बाहेर येते. मग तो आपल्या घरात नळ गळतो का ते बघतो, पंखा फिरतो का ते बघतो, आणि आपल्या फ्रिजमध्ये जागा आहे का तेही बघतो. बेनाडीकर एकदा गावाहून परत आले तर फ्रिजमध्ये मालकाच्या मुलीच्या साखरपुड्याचे हार होते. त्याच्या आधीच्या घरी त्यांच्या उशीला कुणाच्या तरी डोक्याचं माक्याचं तेल लागलं होतं. "मी खोबरेल लावतो, राव," ते मला म्हणाले होते. चोरी झाली नव्हती, काही मोडलं नव्हतं, पोलिसात काय सांगणार? माक्याचा वास येतो म्हणून?

म्हणून गेल्या वर्षी त्यांनी पीण्याजवळच लग्गेरेत घर घेतलं तेव्हा मला कळेना की या माणसाला नक्की आनंद कशाचा झालाय. घर जुनं, वीस-बाय-तीसच्या तुकड्यावरचं, लाल कोब्याचं. भिंतींना ओल. शेषगिरी नावाच्या निवृत्त कारकुनाचं होतं, ते मुलीकडं म्हैसूरला राहायला गेले. मी विचारलं, "दक्षिणमुखी नाही ना?"

"कुठंही तोंड करू दे," बेनाडीकर म्हणाले. "मला एकच पायजे. माझ्या दाराची किल्ली माझ्याकडं. दुसऱ्या कुणाकडं नको. घर बंद करून जावं, आणि परत येताना जसं ठेवलं तसं सापडावं. एवढंच."

माणसं घर घेताना शाळा बघतात, मेट्रो बघतात. यांनी जन्माची कमाई ओतली ती एका दाराच्या बंद राहण्यासाठी.

शेषगिरींनी जाताना किल्ल्यांचा जुडगा दिला आणि मोठ्या प्रामाणिकपणानं सांगितलं, "समोरच्या दाराच्या किल्ल्या मात्र थोड्या इकडंतिकडं असतील. कामवालीकडं एक. पुतण्याकडं एक. मध्ये एक मुलगा भाड्यानं खोलीत राहायचा, त्यानं परत दिली की नाही आठवत नाही. बाजूच्या दाराची काळजी नको. त्याची ही एकच."

हे ते खोटं बोलले नाहीत. बाजूच्या दाराची दुसरी किल्ली शेजारच्या धनलक्ष्मी अक्कांकडं होती. पण इतकी वर्षं अक्का त्यांच्या घरात येत-जात होत्या की, 'किल्ली कुणाकडं आहे?' या प्रश्नाच्या उत्तरात अक्का शेषगिरींच्या डोक्यात आल्याच नाहीत. घरात किती माणसं म्हणून विचारलं तर कुणी आपल्या पंख्याला धरत नाही, तसं.

बेनाडीकरांच्या बायकोनं, श्यामलावहिनींनी, ट्रंका उघडायच्या आधीच बजावलं, "पहिली कुलपं बदला. सगळ्या गावाकडं किल्ल्या असलेल्या घरात मी भांडी लावणार नाही."

कुलूपवाला आला. दारात कोरून बसवलेली जुनी जाड कुलपं बघून म्हणाला, काढून टाका, नवीन सेट बसवतो, तासाभराचं काम. इथं बेनाडीकरांमधला टूलरूमवाला जागा झाला. "टाका? आत पितळ हाय, पितळ! आपण दोघं जाऊ, पण हे कुलूप जाणार न्हाई." कुलूपवाला गेला. जाताना वहिनींकडं त्यानं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर त्यांनी मला दोनदा करून दाखवली.

आता हे काम काय असतं ते सांगतो, कारण पुढची सगळी गंमत त्यात आहे. अशा कुलपाच्या पोटात पितळी पट्ट्यांची चवड असते. प्रत्येक पट्टीची खाच वेगळ्या उंचीवर. बरोबर किल्ली आत गेली की सगळ्या पट्ट्या हव्या तेवढ्याच उचलल्या जातात आणि बोल्ट सरकतो. पट्ट्यांचा क्रम बदलला की जुनी किल्ली नुसती आत फिरून बाहेर येते. मग नव्या क्रमाला बसेल अशी नवी किल्ली घासायची. संपलं.

रविवारी बेनाडीकरांनी दोन्ही दारांची कुलपं काढली आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर मांडली. आठवडाभर ट्रंका उचलून पाठ धरलेली. पण हात टूलरूममध्ये तयार झालेले. आणि टूलरूमचा पहिला धर्म काय? एका सेटचे भाग दुसऱ्या सेटमध्ये मिसळायचे नाहीत. साच्याची वरची बाजू आणि खालची बाजू म्हणजे नवरा-बायको. त्यांची ताटातूट केली की उस्ताद पूर्वी डोक्यात टपली मारायचा. ती टपली चाळीस वर्षं डोक्यात राहिलेली. त्यामुळं बेनाडीकरांनी पट्ट्या काढल्या, पुसल्या, रॉकेलमध्ये धुतल्या, आणि समोरच्या कुलपातला अख्खा सेट बाजूच्या कुलपात घातला, बाजूच्याचा अख्खा सेट समोरच्यात. एकाही पट्टीची चुकामूक होऊ दिली नाही. वर आणखी फायदा असा की नवीन किल्ली घासायलाच नको. बाजूच्या दाराची एकुलती एक किल्ली आता समोरच्या दाराची झाली.

"बघ," ते वहिनींना म्हणाले. "समोरच्या दाराच्या गावभर किल्ल्या, त्या आता समोर लागणार न्हाईत. कामवाली आली, पुतण्या आला, तो पोरगा आला, सगळे परत."

"आणि बाजूच्या दाराला लागतील त्या?"

"बाजूच्या दाराला कोण लावून बघतंय?"

वहिनींनी या प्रश्नावर थोडा विचार केला, पण त्याही दमलेल्या होत्या. त्या एका कपड्याच्या कारखान्यात शिलाईच्या रांगेवर देखरेख करतात. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून आल्यावर घरच्या शोधायला अंगात त्राण राहत नाही.

त्या आठवड्यात बेनाडीकरांची दुपारची पाळी होती. वहिनी सकाळीच गेलेल्या. बेनाडीकरांनी अंगाला तेल लावलं, आंघोळ केली, आणि टॉवेल गुंडाळून हॉलच्या मधोमध लाल कोब्यावर बसले. दार आतून किल्लीनं बंद केलं होतं. कडी घातली नव्हती; कडी घालणं म्हणजे स्वतःच्या कुलपाचा अपमान. किल्ली हातात धरून ते बघत बसले. मला ते पुढं म्हणाले, "राव, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की मी थोडा झोपू शकतो."

खट्ट झालं. दार उघडलं. आत पिवळी साडी, मोगऱ्याचा गजरा आणि एक कणखर आवाज आला.

"नीरु बंतु, अण्णा! पाणी आलं!"

हे सगळं बोलणं कन्नडात झालं, मी मराठीत सांगतोय. बेनाडीकर उठायला गेले, टॉवेल सुटायला लागला, पुन्हा बसले.

"तुम्ही कोण?"

"शेजारची धनलक्ष्मी. उठू नका, उठू नका, टॉवेल सांभाळा. बाजूचं दार आज का कोण जाणे उघडेना. म्हटलं समोरचं लावून बघू. उघडलं की!" एवढं म्हणेपर्यंत अक्का स्वयंपाकघर ओलांडून मागच्या धुण्याच्या जागेत पोचल्याही. तिथं जमिनीत पाण्याची टाकी आहे, इकडं तिला संप म्हणतात. तिथून आवाज येत राहिला. "हे बरं केलंत हं अण्णा. त्या बाजूच्या बोळातून येताना भिंतीला साडी घासायची माझी. शेषगिरींना किती वर्षं सांगत होते. तुम्ही आल्या आल्या केलंत. पहिलं पाणी लाल येतं, ते सोडून द्यायचं बरं का, मग झडप उघडायची. शेषगिरी बसून राहायचे, मीच करायची सगळं."

त्या गल्लीचा रिवाज असा. नळाचं पाणी आठवड्यातून दोनदा, आणि तेही स्वतःच्या मर्जीनं. दिवसा माणसं कामावर. म्हणून सगळ्या घरांच्या किल्ल्या अक्कांकडं. पाणी आलं की त्या एका घरातून दुसऱ्या घरात जातात, गढूळ पाणी सोडतात, स्वच्छ आलं की टाकीत घेतात, भरली की बंद करतात. यात विचारायचं काय आणि सांगायचं काय? सूर्य उगवायच्या आधी कुणाला विचारतो का?

रात्री वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे अख्खा रविवार राबून तुम्ही अक्कांचा वळसा वाचवलासा."

"मला काय म्हाईत त्यांच्याकडं बाजूची किल्ली हाय म्हणून?"

"टॉवेल तरी बदला. त्याला भोक हाय."

पुढच्या रविवारी पुन्हा वर्तमानपत्र. या वेळी बेनाडीकरांनी मन घट्ट केलं, उस्तादाची टपली विसरले आणि सगळ्या पट्ट्या एका ताटात ओतल्या. दोन्ही कुलपांची अशी खिचडी केली की जगातली कुठलीच जुनी किल्ली लागू नये. मग कारखान्यातून घासून आणलेल्या नव्या किल्ल्या, एक त्यांची, एक वहिनींची. तिसरी नाही.

अक्कांना सांगायचं मात्र राहिलं. रोज ठरवायचे आणि रोज अक्का फाटकाशी पालेभाजी निवडत उभ्या असायच्या, "काय अण्णा, दमला?" म्हणून विचारायच्या. इतक्या आपुलकीनं विचारणाऱ्या बाईला, 'तुमची किल्ली बाद केलीय,' हे कुठल्या तोंडानं सांगणार? त्यापेक्षा किल्लीलाच सांगू दे, असं त्यांनी ठरवलं. किल्लीनं सांगितलं. एक दिवस घरी आले तर फाटकाच्या खिळ्याला अक्कांची जुनी किल्ली टांगलेली होती, मोगरा ओवायच्या दोऱ्यात. चिठ्ठी नाही, बोलणं नाही.

"रागावल्या," वहिनी म्हणाल्या.

"रागावू देत," बेनाडीकर म्हणाले, आणि रात्री जेवले नाहीत.

पण त्यांना हवं होतं ते मिळालं. सकाळी चहा पिऊन कप जिथं ठेवला तिथंच संध्याकाळी सापडायचा. कपात मुंगी असली तरी ती आपल्या परवानगीनं आलेली मुंगी वाटायची. उशीला खोबरेलाचाच वास. मला फोन करून हे सगळं सांगायचे. मी म्हटलं, "मग आता दमत नसाल." ते म्हणाले, "पाणी न्हाई, राव."

पाणी यायचं, पण यांच्या टाकीत नाही. दोघं कामावर, दार बंद, झडप बंद. गल्लीत सगळ्यांच्या टाक्या भरून वाहायच्या आणि यांच्याकडं टँकर. तो टँकर गल्लीत शिरला की निघता निघत नसे. मागं स्कूटरवाल्यांची रांग, हॉर्न, आणि प्रत्येक जण यांच्या दाराकडं बघणार. मग बेनाडीकर सुट्टी घेऊन घरी बसले. दिवसभर नळाकडं बघत. पाणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेले, आलं. वहिनींनी रजा घेतली, आलं नाही. "नळाला आमच्या दोघांच्या पाळीचा तक्ता कुणीतरी दिलाय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात विनोद नव्हता. अर्ध्या बादलीत आंघोळ करून पीण्याला जाणारा माणूस विनोद करत नाही. झडपेला फ्लोट बसवून ती आपोआप उघडेल असं यंत्र त्यांनी जोडलं. ते उत्तम चाललं. पहिलं लाल पाणी अगदी शिस्तीत टाकीत आलं आणि वहिनींची पांढरी साडी विटकरी झाली.

शेवटी एका संध्याकाळी बेनाडीकरांनी कारखान्यात तिसरी किल्ली घासली. ती खिशात घालून ते अक्कांच्या दारात जाऊन उभे राहिले. वहिनी मागं, ताटलीत कटाच्या आमटीची वाटी आणि पुरणपोळ्या घेऊन. अक्का पायांना तेल चोळत पायरीवर बसल्या होत्या.

"अक्का, चुकलं," बेनाडीकर म्हणाले. "ही घ्या. तुमची किल्ली."

अक्कांनी पुरणपोळी घेतली. किल्लीकडं बघितलंही नाही.

"नको, अण्णा."

"रागावलात?"

"रागावू कशाला? तुम्ही कुलूप बदललंत त्या दिवशी मी गणपतीला नारळ फोडला." अक्का तेल चोळतच होत्या. "कुणी विचारलं का मला कधी, की बाई, तुझे गुडघे कसे आहेत? सगळे किल्ल्या देऊन मोकळे. माझ्या माहेरी लग्न असलं तरी माझं लक्ष नळाकडं. नवऱ्याचं वर्षश्राद्ध होतं, गुरुजी मंत्र म्हणत होते, आणि मी शेषगिरींची झडप बंद करायला पळाले. तुम्ही पहिले गृहस्थ, ज्यांनी मला त्यातून काढलं. मी म्हटलं, कुणीतरी देवमाणूस आलाय गल्लीत."

बेनाडीकर पायरीवर बसले. अक्का आधीच बसलेल्या होत्या. मला हे सांगताना ते म्हणाले, "राव, मला वाटायचं बेंगळुरात सगळ्यात दमलेला माणूस मीच."

मग वाटाघाटी झाल्या. वहिनींनी केल्या, बेनाडीकर नुसते मान हलवत होते. अक्कांची अट एकच निघाली. रविवारी बेनाडीकरांची सुट्टी असते. तर रविवारी पाणी आलं की अख्ख्या गल्लीची घरं बेनाडीकरांनी बघायची, अक्का झोपणार. बाकीचे दिवस अक्का बघतील, यांच्या घरासकट.

"रविवार एकच मिळतो हो आम्हाला," बेनाडीकर म्हणाले.

"मला तोही मिळत नाही," अक्का म्हणाल्या, आणि आतून किल्ल्यांची मोळी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. ज्याला आपल्या घरात कुणी यायला नको होतं, त्याच्याकडं आता गल्लीतल्या प्रत्येक घरात शिरायची सोय झाली.

त्यानंतरच्या एका रविवारी मी त्यांच्याकडं जेवायला गेलो होतो. समोरचं दार सताड उघडं आणि बेनाडीकर उंबऱ्यात वर्तमानपत्र पसरून बसलेले. कुलूप पुन्हा पोटातून उघडलेलं. समोर स्टुलावर अक्का, झोपायच्या दिवशी. मागं वहिनी भाजी चिरत बसलेल्या.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"फिरत न्हाई म्हणत्यात," बेनाडीकर न बघता म्हणाले.

नव्या क्रमानं बसवलेल्या पट्ट्या, वर नवीन स्प्रिंगा. कुलूप झकास घट्ट झालं होतं. बेनाडीकरांना हवं होतं अगदी तसं. पण अक्कांच्या बोटांना सांधेदुखी. गेल्या वेळी पाणी आलं तेव्हा किल्ली फिरवता फिरवता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून दोन्ही हातांनी फिरवली, आणि मग दिवसभर हात उचलेना. ही गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली नव्हती. वहिनींना हळदीचा लेप दिसला.

बेनाडीकरांनी एक पट्टी काढली, झाकण बसवलं, किल्ली अक्कांच्या हातात दिली. "बघा."

अक्कांनी फिरवली. तोंड वाकडं झालं. "सरी आहे. चालेल."

"चालेल न्हाई. खरं सांगा."

"स्वल्प घट्ट आहे."

आणखी एक पट्टी निघाली. पुन्हा झाकण, पुन्हा किल्ली. अक्कांचं तोंड पुन्हा थोडं वाकडं. बेनाडीकर मानेचा घाम पुसत, एकेक पट्टी काढत, पितळ वर्तमानपत्रावर ठेवत होते. असं करत करत आत दोनच उरल्या. मला कुलपातलं काही कळत नाही, पण एवढं कळलं की आता ते कुलूप माझ्या बॅगेच्या किल्लीनंही उघडलं असतं.

"बेनाडीकर," मी हळूच म्हटलं, "याला काही अर्थ उरला का? चोर येईल."

त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. डोळ्यांखाली काळं, केसांत पितळेचा चुरा. "येऊ दे," ते म्हणाले. "आला तर म्हणावं, तेवढी झडप बघ."

अक्कांनी किल्ली फिरवली. बोटं दुखली नाहीत हे त्यांच्या चेहऱ्याच्या आधी खांद्यांवरून दिसलं. खांदे खाली आले. त्या काही बोलणार एवढ्यात मागच्या बाजूनं नळाची गुरगुर ऐकू आली. पाणी. तीन दमलेली माणसं एकदम उठली. अक्का मागच्या बाजूला धावल्या, वहिनी बादली घेऊन त्यांच्यामागं, आणि बेनाडीकर किल्ल्यांची मोळी खाकेत मारून चप्पल न घालता शेजारच्या घराकडं निघाले. कुलूप वर्तमानपत्रावर तसंच उघडं पडलेलं, दाराला जिथं कुलूप असतं तिथं चौकोनी भोक, आणि उंबऱ्यात मी एकटा.

"राव, तुम्ही कोपऱ्यावरचं घर बघा!" बेनाडीकर रस्त्यातून ओरडले आणि एक किल्ली माझ्याकडं फेकली. "पहिलं लाल येतं, ते सोडून द्या!"